धंद्यांतील मनुष्यस्वभावाचें संशोधन : त्याची रीत व शेतकऱ्यांस तिचा उपयोग

बियाणें, खत, पाणी आणि जनावरें यांविषयींचे लेख या मासिकांत नेहमीं येतात व तें योग्यच आहे. परंतु तें बियाणें पेरणारा, खत विकत घेणारा, कर्ज काढणारा आणि माल विकणारा जो मनुष्य, त्याच्या वागणुकीचाही शास्त्रीय रीतीनें अभ्यास करतां येतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विद्यापीठांतून धंद्यांतील मानवी वर्तनाचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा झालेली आहे. गिऱ्हाईक एखादी वस्तु कां घेतें, कामगार कोणत्या स्थितींत मन लावून काम करतो, फायदा डोळ्यांसमोर दिसत असतांही शेतकरी एखादी सुधारणा पुढें कां ढकलतो, असे प्रश्न ती शाखा हातीं घेते. तिचे सर्व सिद्धान्त पाठ करण्याची आपणांस गरज नाहीं. तिची संशोधनाची रीत मात्र प्रत्येक जाणत्या खातेदारानें शिकून घेण्याजोगी आहे, असें आमचें मत आहे. आणि तीच या लेखांत यथाशक्ति मांडण्याचें योजिलें आहे.

या शिक्षणाची शेतकऱ्यास काय जरूर, असें कोणी विचारील. एखादी योजना गांवांत फसली म्हणजे तिचा निकाल बहुधा कचेरींत बसूनच लावला जातो : शेतकरी अडाणी आहे, त्याला सर्व फुकट पाहिजे, तो आळशी आहे. आमची सारी नोकरी महसुलाच्या कागदांत गेली व असे शेरे आम्हीं पुष्कळ वाचले. शेरा मारण्यापूर्वीं चौकशी कोणीं केली, कितीजणांची केली व कोणत्या रीतीनें केली, याचा मागमूस त्या कागदांवर क्वचितच सांपडे. परंतु शेरा एकदां बसला म्हणजे पुढील पैसा, पुढील नियम आणि पुढील सवलत त्याच्याच आधारें ठरूं लागते. म्हणून दोष माणसाचा कीं योजनेच्या आंखणीचा, हें पारखून घेण्याची विद्या ज्याच्यावर शेरा बसतो त्यालाच अवगत असणें अत्यंत अगत्याचें आहे.

१. प्रश्न कसा मांडावा

'शेतकरी खत कां वापरीत नाहीं?' हा प्रश्न कानाला बरा वाटला तरी संशोधनाला निरुपयोगी आहे. कोणता शेतकरी, कोणतें पीक, कोणता हंगाम आणि वापरणें म्हणजे एकरीं किती, यांपैकीं कांहींच त्यांत सांगितलेलें नाहीं. म्हणून प्रत्येकजण आपल्या पूर्वग्रहाप्रमाणें त्याचें उत्तर देतो. त्याऐवजीं असें विचारावें : 'कापणीनंतर हातांत पैसा असतांना खताची आगाऊ विक्री केली, तर पुढील हंगामांत खत घालणाऱ्यांची संख्या वाढते काय?' या प्रश्नाला मोजून उत्तर देतां येतें, व तें उत्तर 'नाहीं' असेंही येऊं शकतें. जी अटकळ कोणत्याही आंकड्यानें खोटी ठरूंच शकत नाहीं, ती संशोधनाची अटकळ नव्हे. ही अटकळ व काय मोजणार तें कामास आरंभ करण्यापूर्वींच वहींत लिहून ठेवावें. आंकडे हातीं आल्यावर त्यांस शोभेल असा प्रश्न मागाहून बनविणें ही या शास्त्रांतील मोठी लबाडी समजली जाते.

२. बोलणें आणि करणें

दुसरा धडा असा कीं, मनुष्य काय करीन म्हणतो, काय केलें म्हणतो आणि प्रत्यक्ष काय करतो, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळूं देऊं नयेत.

अमेरिकेंतील आयोवा राज्यांत ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनीं १९४१ सालीं मक्याच्या संकरित बियाण्याविषयीं पाहणी केली व ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर ती आधारलेली होती. त्यांपैकीं दोघे वगळतां सर्वांनीं १९२८ ते १९४१ या काळांत नवें बियाणें स्वीकारलें होतें. तरी बियाण्याची प्रथम वार्ता कानीं आल्यापासून तें घेईपर्यंत सरासरीनें सुमारें नऊ वर्षें लोटलीं होतीं. वार्ता पुष्कळांस विक्रेत्यांकडून समजली, परंतु मन वळविण्याच्या कामीं शेजाऱ्याच्या शेताचें वजन अधिक पडलें. बहुतेकांनीं आरंभीं थोड्याच जमिनींत तें पेरून पाहिलें. वार्ता कळणें व विश्वास बसणें यांत केवढें अंतर असतें, हें या पाहणीनें स्पष्ट केलें. तरीपण तिची मर्यादाही ध्यानांत ठेवावी : शेतकऱ्यांस दहाबारा वर्षांपूर्वींच्या गोष्टी आठवून सांगाव्या लागल्या होत्या, आणि स्मरणशक्ति ही कांहीं रोजकीर्द नव्हे.

पुढील वायद्यांची गोष्ट तर याहूनही नाजूक. आफ्रिकेंतील केनिया देशाच्या पश्चिम भागांत एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन यांनीं मक्याच्या शेतकऱ्यांत जें काम केलें, तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांच्या शेतांत खताचे प्रयोग करून दाखविले, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ९७ जणांनीं पुढील हंगामांत खत घालूं असें सांगितलें. प्रत्यक्ष घातलें तें शेंकडा सुमारें ३७ जणांनीं. ते खोटें बोलत होते असें मानण्याचें कारण नाहीं. बोलतेवेळीं त्यांचा मनोदय तसाच असावा. म्हणून जेथें संस्थेचें विक्री-रजिस्टर, काट्याची पावती किंवा प्रत्यक्ष शेत पाहतां येतें, तेथें केवळ तोंडी जबाबावर थांबूं नये. जबाब घ्यावा, पण तो दप्तराशीं ताडून पाहावा.

३. नमुना कसा निवडावा

सर्वांची चौकशी करणें बहुधा शक्य नसतें, म्हणून थोड्यांची करून सर्वांविषयीं अनुमान काढावें लागतें. येथें चूक झाली तर पुढील सर्व मेहनत व्यर्थ जाते. पिकाची आणेवारी नजर-अंदाजानें ठरविण्याची रीत आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. पाहणारा मनुष्य प्रामाणिक असला तरी रस्त्याकांठचीं शेतें त्याच्या दृष्टीस अधिक पडतात. आणि तेवढ्यावरून साऱ्या गांवाला सूट मिळणार कीं नाहीं हें ठरावें, ही केवढी जोखीम!

सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं कृषि संशोधन परिषदेंत असतांना १९४० नंतरच्या वर्षांत पीक-कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धति बसविली. गांव, शेत आणि शेतांतील तुकडा हीं तिन्ही माणसाच्या मर्जीनें न निवडतां दैवयोगानें, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, निवडावयाचीं हें तिचें मर्म होय. त्यांनीं असेंही दाखविलें कीं, फार लहान तुकडा कापला तर उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षां अधिक येतो. कारण कडेवरचें ताट आंत धरावयाचें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा हात तें आंत घेण्याकडे वळतो. लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानानें कडा फार, म्हणून चूकही फार.

माणसांच्या पाहणींतही असेंच घडतें. सभेला येणारे, पारावर बसणारे आणि ज्यांना बोलण्याची हौस आहे असे लोक सहज हातीं लागतात. ज्याच्या घरीं दुसरें माणूस नाहीं, जी विधवा स्वतः शेती पाहते, जो हंगामभर ऊसतोडीला बाहेर असतो, त्यांचें मत या रीतीनें कधींच नोंदलें जात नाहीं. म्हणून सभासदांच्या यादींतून चिठ्ठीनें नांवें काढावीं. व निघालेला मनुष्य घरीं भेटला नाहीं तर शेजाऱ्यास न विचारतां पुन्हां जावें.

४. तुलना आणि चिठ्ठी

आतां या विद्येच्या गाभ्याकडे वळूं. एका संस्थेनें आगाऊ खतविक्री सुरू केली व खप वाढला, एवढ्यावरून विक्रीच्या नव्या रीतीमुळेंच तो वाढला असें सिद्ध होत नाहीं. त्या वर्षीं पाऊस बरा झाला असेल, मालाला भाव आला असेल, किंवा आगाऊ खत घेणारे मुळांतच सधन व हौशी असतील. म्हणून ज्यांस ती सोय दिली नाहीं, परंतु जे अन्य सर्व बाबतींत तसेच आहेत, असा दुसरा गट शेजारीं पाहिजे.

हे दोन गट सारखे कसे करावे? इंग्लंडांतील रॉदॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगक्षेत्रांत १९१९ पासून काम करणारे रोनाल्ड फिशर यांनीं त्याचें उत्तर दिलें व १९३५ च्या आपल्या ग्रंथांत तें विस्तारानें मांडलें. कोणत्या वाफ्यास कोणतें खत मिळावयाचें हें प्रयोग करणाऱ्यानें ठरवूं नये, तें चिठ्ठीवर सोपवावें. मग जमिनीचा कस, ओलावा, उतार इत्यादि ज्ञात व अज्ञात कारणें दोहों बाजूंस सारखींच वांटलीं जाण्याकडे कल होतो, आणि उरलेला फरक केवळ योगायोगाचा किती असूं शकेल याचें गणितही मांडतां येतें. वाफ्यांसाठीं निघालेली ही युक्ति पुढें माणसांच्या वर्तनाच्या अभ्यासांतही आली.

वर सांगितलेल्या केनियांतील अभ्यासकांनीं हीच रीत वापरली. कांहीं शेतकऱ्यांकडे कापणी होतांच मनुष्य गेला व म्हणाला, खताचे पैसे बाजारभावानें आतां द्या, खत आम्ही घरपोंच विनामूल्य आणून देऊं. दुसऱ्यांस हीच घरपोंच सोय खत घालण्याच्या वेळीं देऊं केली. आणखी कांहींस त्याच वेळीं निम्म्या किमतीची सवलत दिली. उरलेल्यांस कांहींच दिलें नाहीं. कोण कोणत्या गटांत, हें चिठ्ठीनें ठरलें होतें. कापणीनंतर लगेच दिलेल्या सोयीनें खत वापरणाऱ्यांचें प्रमाण सुमारें दीडपट झालें. तीच सोय उशिरां दिली तेव्हां परिणाम कमी झाला. निम्म्या किमतीच्या सवलतीनें जेवढें साधलें, जवळजवळ तेवढेंच वेळेवर दिलेल्या त्या लहानशा सोयीनें साधलें.

यावरून निघणारें अनुमान पाहावें. शेतकऱ्यास खताचा फायदा कळत नव्हता असें नव्हे. कळूनही, हातांत पैसा असेल त्या घटकेस तो बाजूस काढणें जमत नव्हतें. 'अडाणी' हा शेरा मारून शिकवणीचे वर्ग काढले असते तर पैसा वाया गेला असता. या अभ्यासकांपैकीं डुफ्लो व क्रेमर यांस अभिजित बॅनर्जी यांजबरोबर २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें दारिद्र्यनिवारणाच्या प्रश्नांत प्रयोगाची ही रीत आणल्याबद्दलच.

५. चिठ्ठी टाकतां येत नाहीं तेव्हां

प्रत्येक ठिकाणीं चिठ्ठी टाकणें शक्य नसतें. कोणाला गरीब व कोणाला श्रीमंत करावें, हें संशोधक ठरवूं शकत नाहीं. अशा वेळीं त्याच मनुष्याची दोन वेळां तुलना करतां येते. तामिळनाडूंतील ५४ गांवांतल्या ४६४ ऊस-बागायतदारांचा असा अभ्यास आनंदी मणि, सेंधिल मुलैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. उसाचा पैसा बहुधा वर्षांतून एकदां, तोडणीनंतर येतो. म्हणून तोच मनुष्य तोडणीपूर्वीं ओढगस्तीचा व तोडणीनंतर त्यामानानें मोकळा असतो. त्यास दोन्ही वेळीं बुद्धीचीं कोडीं घातलीं, तेव्हां पूर्वींपेक्षां नंतर त्यानें तीं अधिक बरोबर सोडविलीं.

येथें चिकित्सक वाचक दोन शंका काढील. पहिली, ऋतु बदलल्यामुळें हा फरक पडला नसेल कशावरून? कारखाना सर्वांचा ऊस एकाच वेळीं नेत नाहीं, तोडणी कांहीं महिने चालते. म्हणून एकाच सुमारास कोणाची तोडणी झालेली तर कोणाची व्हावयाची, अशी तुलना करतां आली. दुसरी, तींच कोडीं दुसऱ्यांदा घातल्यामुळें तीं सोपीं झालीं नसतील काय? म्हणून कांहीं शेतकऱ्यांची परीक्षा तोडणीनंतरच प्रथम घेऊन ताळा पाहिला. या विषयावर विद्वानांत अद्याप वाद चालू आहे व तो चालावाच. आपण शिकावयाचें तें एवढेंच कीं, प्रत्येक निष्कर्षापुढें 'याचें दुसरें कारण कोणतें असूं शकेल?' हा प्रश्न उभा करावा व त्याच्या उत्तराची सोय पाहणींतच आधीं करून ठेवावी.

६. पाहणाऱ्याचा परिणाम

वाफा पाहिला म्हणून पीक वाढत नाहीं. माणसाचें तसें नाहीं. शिकागो शहराजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यांत १९२४ ते १९३२ या काळांत कामगारांवर प्रयोग झाले. आरंभीं दिव्यांचा उजेड कमीअधिक करून काम किती निघतें तें पाहिलें. उजेड बदललेल्या गटाचें काम वाढलें, तसें न बदललेल्या गटाचेंही वाढलें. पुढें १९२७ पासून एका वेगळ्या खोलींत टेलिफोनचे भाग जुळविणाऱ्या पांच स्त्री कामगारांस विश्रांतीच्या सुट्या व कमी तास देऊन पाहिले. तेथेंही उत्पादन वाढलें. हार्वर्डचे एल्टन मेयो प्रभृतींनीं यावरून असें प्रतिपादिलें कीं, आपल्याकडे लक्ष दिलें जात आहे या भावनेचाही कामावर परिणाम होतो.

ही कथा जगभर शिकविली गेली. परंतु त्या खोलींतील पांचांपैकीं दोघींना १९२८ च्या आरंभीं मध्येंच बदललें होतें, व एवढ्या थोड्या माणसांवरून केवढें मोठें अनुमान काढलें, असा आक्षेप पुढें निघाला. उजेडाच्या प्रयोगांचे मूळ आंकडे हरवले असें मानलें जात होतें. ते सांपडल्यावर स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट यांनीं ते पुन्हां तपासले व २०११ सालीं दाखविलें कीं, कथेंत सांगितला जाणारा मोठा परिणाम त्या आंकड्यांत दिसत नाहीं. मोठ्या नांवाच्या संशोधनाचेंही मूळ दप्तर पुन्हां उघडून पाहावें लागतें, हा बोध त्यांतून घ्यावा.

७. आपल्या संस्थेंत हा प्रयोग कसा करावा

समजा, एका संस्थेचे ३०० सभासद आहेत. आगाऊ खतविक्रीचा उपयोग होतो कीं नाहीं, हें पाहावयाचें आहे. यादींतून चिठ्ठीनें १५० नांवें काढून त्यांस पहिल्या वर्षीं ती सोय द्यावी. उरलेल्यांस ती दुसऱ्या वर्षीं मिळेल असें सभेंत आधींच सांगावें, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाहीं. किती सभासदांनीं खत वेळेवर घातलें तें दोन्ही गटांत सारख्याच रीतीनें मोजावें. सोय देऊं केली पण घेतली नाहीं, असा सभासद पहिल्या गटांतच धरावा. त्यास वगळलें तर उत्साही तेवढेच उरतात व तुलना बिघडते.

संख्येविषयीं सावध असावें. एक रुपया दहा वेळां उडविला तर बरोबर पांच वेळां छाप पडण्याचा योग चारांतून सुमारें एकदांच येतो. बाकीच्या वेळीं फरक पडतो व त्याला कारण कांहींच नसतें. तसेंच दहांच्या गटांत सहाजणांनीं व दुसऱ्या दहांत चौघांनीं खत घेतलें, तर तेवढा फरक केवळ योगायोगानेंही सहज पडतो. परंतु दीडशेंत नव्वद व दुसऱ्या दीडशेंत साठ असा फरक पडला, तर तो निव्वळ योगायोगानें हजारांत एकदांही घडणें कठीण. प्रमाण दोन्हीकडे तेंच आहे, पण पुराव्याचें वजन तेंच नाहीं.

आणखी एक अडचण आहे. शेजाऱ्याला सोय मिळाली हें पाहून दुसरा आपल्या वागणुकींत बदल करूं शकतो. ती भीति असेल तर चिठ्ठी माणसागणिक न टाकतां वाडीगणिक टाकावी. मात्र मग वाड्यांची संख्याही पुरेशी पाहिजे. इकडे एक वाडी व तिकडे एक वाडी घेऊन माणसें कितीही मोजलीं तरी ती तुलना दोनच वाड्यांची होते.

८. संशोधनाचा धर्म

ज्याची चौकशी करावयाची, त्यास ती कशासाठीं आहे हें सांगावें व त्याची राजीखुशी घ्यावी. नको म्हणाला तर त्याचें कर्ज किंवा खत अडवूं नये. कोणाचें देणें किती, हें पाहणीच्या कागदावरून गांवांत फुटतां कामा नये. नांवाऐवजीं अंक लिहावे व नांवांची यादी वेगळी कुलपांत ठेवावी. आणि निकाल आपल्या अटकळीविरुद्ध गेला तरी तो सभेपुढें तसाच वाचून दाखवावा. फसलेला प्रयोग लपविणारी संस्था पुढच्या संस्थेचा पैसा त्याच खड्ड्यांत घालते.

शेवटीं वाचकांस एक विनंति. आजकाल कंपन्यांचे, बँकांचे आणि निरनिराळ्या खात्यांचे लोक छापील प्रश्नावल्या घेऊन गांवोगांव येतात. त्यांस उत्तरें अवश्य द्यावीं, परंतु चार प्रश्न आपणही विचारावे : आमचीं नांवें कशी निवडलीं? आमची तुलना कोणाशीं करणार? आम्ही सांगतों तें कोणत्या दप्तराशीं ताडून पाहणार? आणि निघालेला निष्कर्ष आम्हांस केव्हां कळविणार? ज्यांस या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील, त्यांची पाहणी विश्वासास पात्र आहे असें समजण्यास हरकत नाहीं. ज्यांस देतां येणार नाहींत, त्यांनीं शेतकऱ्याविषयीं कांहींही लिहिलें तरी तो केवळ शेरा होय. आणि तो तसा आहे हें सभेंत उभें राहून सांगण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे.